बारा घरं पेरली, चार पडीत

बळीरामचं मनगट मोडलं, त्यात किसनराव डाखऱ्यांचा काहीही दोष नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण यापुढे जे जे घडलं त्यात बहुतेक ठिकाणी तो होता.

कॉलनीच्या तोंडाशी एका सकाळी नवा गतिरोधक उगवला होता. बळीरामची मोटरसायकल त्यावरून सुखरूप पलीकडे गेली. बळीराम अलीकडेच राहिला. एरवी पांढरकवड्यात कुणाचं मनगट मोडलं तर चार दिवस विचारपूस होते आणि पाचव्या दिवशी लोक गतिरोधकाच्या उंचीवर बोलू लागतात. पण बळीराम कॉलनीतला एकुलता एक ढोलकीवाला होता, आणि भुलाबाईची तालुका स्पर्धा बारा दिवसांवर आली होती.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही (असे लोक असतात, पुण्याकडे बरेच आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीला परत जाते. तोवर महिनाभर बाया तिच्यापुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापत. ही खिरापत सुखासुखी हातावर पडत नाही. डबा झाकलेला असतो. ज्या घरची खिरापत, त्या घरची बाई तो सगळ्यांपुढे खुळखुळ हलवते आणि बाकीच्यांनी नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही, तर त्या बाईची मान पुढची कोजागिरी येईपर्यंत ताठ. फुटाण्याचा आवाज कुठला आणि खारकेचा कुठला, हे न कळणारी बाई आमच्या तालुक्यात सापडायची नाही. पुरुषांचं लक्ष मात्र डबा उघडल्यानंतर सुरू होतं. ही तफावत पुढे महागात पडली.

किसनरावांच्या पत्नी नलूताई कॉलनीच्या भुलाबाई मंडळाच्या प्रमुख. मंडळात आठ बाया, सगळ्या साठीच्या आसपासच्या. गेली सहा वर्षं मंडळाला स्पर्धेत दरवर्षी 'उत्तेजनार्थ' मिळत आलं होतं. सहा वर्षांत उत्तेजना भरपूर झाली. नंबर काही आला नाही.

"औंदाच काय ते," नलूताई कणीक मळता मळता म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, कणकेलाच. "दिवाळीनंतर गुडघ्याचं आपरेशन. मंग डाक्टर म्हने, नाचनं बंद. एक डाव नंबर आला असता त खुर्चीवर बसून पुढच्या बायाईले सांगाले तरी झालं असतं. अन् आता हा ढोलकीवाला पडला."

किसनराव दारात उभे होते. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या आठवणीप्रमाणे नलूताईंनी या काळात काहीही मागितलं नव्हतं. (नलूताईंच्या आठवणीप्रमाणे पुष्कळ मागितलं होतं.) त्यांच्या तोंडातून शब्द निघून गेले.

"मी करतो."

"काय करता?"

"ढोलकी."

नलूताईंनी मान वर केली. "आरतीत टाळी त धड वाजोता येत नाही तुमाले. मांगचा मानूस तुमच्याकडं पाहून चुकते."

"हातानं नाही वं. यंत्रानं."

हे यंत्र म्हणजे नात अर्पिता उन्हाळ्यात येऊन गेली तेव्हा मागे ठेवून गेलेला टॅबलेट. तिला नवा मिळाला होता आणि जुना आजोबांचा वेळ जावा म्हणून इथे राहिला होता. त्यात तिनं एक ॲप टाकून दिलं होतं. उघडलं की काळ्या पडद्यावर घरं दिसायची: आडवी सोळा, उभी आठ, एकूण एकशे अठ्ठावीस. घराला बोट लावलं की ते उजळायचं, आणि डावीकडून एक उभी रेषा सरकत येऊन त्या घरावरून गेली की आवाज व्हायचा. सगळ्यात खालच्या ओळीत 'धप्प', तिच्यावर 'फट्', मग 'टिक', मग 'टिण्ण', टाळी, आणि वर आणखी तीन, ज्यांना मराठीत शब्द नाही आणि नसलेलाच बरा.

किसनरावांनी चौतीस वर्षं भूमापन खात्यात काढली होती. तालुक्यातल्या प्रत्येक बांधावर त्यांनी कधी ना कधी साखळी टाकलेली. त्यामुळे घरं पाडलेला तो पडदा पाहताच त्यांना संगीताविषयी प्रथमच आत्मीयता वाटली. हा तर गटाचा नकाशा आहे, मग इतकी वर्षं लोक गाणं अवघड आहे असं का सांगत होते?

त्यांनी अर्पिताला फोन लावला.

"सोपं आहे, आजोबा. बॉक्स टॅप करायचा. रेषा डावीकडून उजवीकडे जाते."

"अन् टोकाले गेली की?"

"परत पहिल्यापासून."

"काहून?"

"लूप असतो आजोबा तो."

किसनरावांनी त्यासाठी एक वही केली होती. तीत त्यांनी नोंद केली: 'रेषा टोकास जाऊन पुनः आरंभी येते. कारण नमूद नाही.' ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खटकत राहिली. मोजणीची साखळी शेताच्या टोकाला गेली की माणसाला उन्हातून चालत परत यावं लागतं. ही रेषा टोकाला नाहीशी व्हायची आणि त्याच क्षणी सुरुवातीला उगवायची. असा प्रवास कुठल्याही बिलात मंजूर झाला नसता.

तरी त्यांनी कामाला हात घातला. पहिल्या दिवशी अकरा घरं लावली आणि प्रत्येकाची चतुःसीमा वहीत लिहिली. 'घर क्र. ५, ओळ ३. उत्तरेस टिण्ण, दक्षिणेस फट्, पूर्वेस व पश्चिमेस रिकामी जागा. कब्जेदार: टिक.' असं सगळं रीतसर झाल्यावर त्यांनी ते वाजवलं. आवाज आला. आवाज आला याचाच त्यांना एवढा आनंद झाला की तो कसला आला याकडे लक्ष गेलं नाही.

लक्ष शेजाऱ्यांचं गेलं. रूपसिंग राठोड, एसटीचे निवृत्त चालक, कुंपणावरून वाकून ऐकू लागले. एकतीस वर्षं त्यांनी गाडी डोळ्यांपेक्षा कानानं चालवली असं ते स्वतः सांगत.

"याडी ये!" असं आपल्या बोलीत आईला हाक मारून ते म्हणाले, "किसनभाऊ, हे क्लच प्लेट गेल्याचा आवाज हाये. ताबडतोब बाजूले घ्या."

"संगीत हाये ते, रूपसिंग."

"असंन. पन उतारावर नका वाजवू."

मग शीलाबाई आल्या. त्या मंडळातल्या सगळ्यात खणखणीत आवाजाच्या. कॉलनीत राहून करंजी रोडवरची सहा एकर कपाशी स्वतः पाहणाऱ्या. त्यांनी पदराला हात पुसून टॅबलेट घेतला आणि शेताच्या धुऱ्यावर उभं राहून पाहावं तसा हात लांब करून पाहिला.

"काय हो भाऊजी, येवढ्याशाच जागी उगवलं?"

"म्हंजे?"

"खांडण्या पाहा ना किती! येवढं मोकळं ठेवत असते का कोनी?" उगवण झाली नाही ती जागा म्हणजे खांडणी, आणि खांडणी दिसली की तिथे दुसरं बी टोबलं पाहिजे, हे आमच्याकडे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. किसनराव नोकरदार झाले तरी मुळात शेतकऱ्याचेच. रिकामी जागा दाखवून दिल्यावर त्यांनाही ती बघवेना. शीलाबाई बोटानं दाखवत गेल्या, किसनराव टोबत गेले. अर्ध्या तासात एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस घरांत लागवड झाली. पडदा कसा भरल्या शेतासारखा उजळून निघाला. दोघांनी समाधानानं पाहिलं आणि किसनरावांनी 'चालू'चं बटण दाबलं.

कापसाच्या चालत्या जिनिंगमध्ये कुणी भांड्यांची टोपली उलटी करावी, तसा तो आवाज होता. टोपली संपायची मात्र नाही. किसनरावांनी बटण पुन्हा दाबलं, तेव्हा तो दुप्पट वेगानं येऊ लागला, कारण ते बटण वेगाचं होतं. त्यांनी ॲप बंद केलं; पडदा काळा झाला, आवाज तसाच. त्यांनी टॅबलेट टॉवेलात गुंडाळला. शेवटी शीलाबाईंनी तो हिसकून घेतला आणि गव्हाच्या कोठीत खोल खुपसून झाकण लावलं. बॅटरी उतरेपर्यंत, म्हणजे दुपारी चार वाजेस्तोवर, डाखऱ्यांच्या घरातले गहू धपधप करत होते. नलूताई बाजारातून आल्या, कोठीपुढे दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आणि काही न विचारता पिशवी ठेवायला आत गेल्या. ते न विचारणं किसनरावांना फार लागलं.

कॉलनीत संगीत जाणणारे एकच, धम्मरत्न गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि त्यांचं भीमगीतांचं पथक आदिलाबादपर्यंत जाऊन आलेलं आहे. दुसऱ्या दिवशी किसनराव स्वाभिमान घरी ठेवून त्यांच्याकडे गेले. गुरुजींनी एकेक घर विझवत विझवत शेत जवळजवळ साफ केलं. किसनराव विझलेल्या प्रत्येक घराची वहीत नोंद करत होते.

"काकाजी, मोकळ्या जागेनंच ठेका होते," गुरुजी म्हणाले. "सगळीकडे वाजलं त मंग वाजलं कोठं, हे कसं समजन?"

"म्हंजे पडीत ठेवाचं?"

"हाव. पन तुमची खरी अडचन वेगळीच हाये. काकूचं गानं म्हना बरं."

किसनरावांनी गाणं म्हटलं. गुरुजींनी सभ्यपणे ते थांबवलं आणि स्वतः गुणगुणून मांडीवर बोटं मोजली. "हे पाहा. सहाचा फेरा हाये. सहा अन् सहा, बारा. तुमच्या यंत्रात घरं सोळा. दोन फेऱ्यांत बाया बारा घरं चालतीन अन् परत पहिल्या पावलावर येतीन. यंत्र मातर तेराव्या घरात असंन."

"मंग?"

"मंग टिपरी बोटावर."

झालं तसंच. त्या संध्याकाळी पहिली तालीम होती. दोन फेऱ्या बरोबर गेल्या. तिसरीत शीलाबाईंची टिपरी नलूताईंच्या अंगठ्यावर आली आणि चौथीत सगळ्यांच्या टिपऱ्या सगळ्यांवर. हळद लावून झाल्यावर नलूताई म्हणाल्या, "बळीरामचं एकच मनगट मोडलं होतं."

ॲपमध्ये सोळाची बारा घरं करायची सोय कुठेतरी असणार, असं गुरुजींचं मत होतं. किसनरावांनी ती सोय दोन दिवस शोधली. या शोधात त्यांनी ॲपची भाषा चुकून जपानी केली आणि एक दिवस त्या भाषेत काम केलं. त्यांना फारसा फरक जाणवला नाही. अखेर त्यांनी भूमापन खात्यात जे केलं असतं तेच केलं. शेत सोळा साखळ्यांचं, पीक बारा साखळ्यांचं; उरलेल्या चार साखळ्या पडीत दाखवायच्या. बारा घरांत ढोलकीसारखं काही लावलं, शेवटची चार रिकामी सोडली. वहीत लिहिलं: 'घर क्र. १३ ते १६ पोटखराबा, लागवडीस अयोग्य.'

आणि काय आश्चर्य, ते जमलं. बाया बारा ठोके फेर धरत आणि मग चार ठोके टिपऱ्या वर धरून उभ्या राहत. ते उभं राहणं तेवढं विचित्र दिसे. आठ बाया हात वर करून स्तब्ध, जणू कुणी पिस्तूल दाखवलं आहे.

"चालते," नलूताई म्हणाल्या. "माह्या गुडघ्यालेही आराम भेटते. आता मातर त्याले हात लावू नका. समजलं ना?"

समजलं होतं. किसनरावांना नेहमी समजत असे.

मध्येच कागदपत्रांची भानगड उभी राहिली. स्पर्धा समितीच्या अध्यक्ष विमलताई या निवृत्त मुख्याध्यापिका. नियमावली त्यांनी स्वतः लिहिलेली, नऊ पानांची. किसनराव अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साथसंगत: यंत्र. यंत्रातलं संगीत कुणाचं?"

"माझं."

"नियम सतरा. ध्वनिमुद्रित संगीत असेल तर संगीतकाराचं संमतिपत्र जोडावं."

"ताई, संगीतकार मीच आहे. मीच तर अर्ज देऊन राह्यलो."

"अर्ज तुम्ही मंडळातर्फे देताय. संमती संगीतकारानं द्यायची आहे. दोन वेगळे कागद."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. किसनरावांना उलट या आठवड्यात पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी समजतंय असं वाटलं. त्यांनी घरी येऊन 'मा. किसनराव डाखरे, संगीतकार' यांना विनंती अर्ज लिहिला. त्याच दिवशी उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून अर्ज दोन दिवस टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी वाचला, तर अर्जदारानं संगीताचा कालावधी लिहिलेला नव्हता. त्यांनी त्रुटी काढून अर्ज परत केला. चौथ्या दिवशी त्रुटीपूर्तता झाली आणि काही अटींवर संमती देण्यात आली. विमलताईंनी कागद दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "सगळे अर्ज असे आले तर..." मग त्यांनी शिक्का मारला.

या यशामुळेच घात झाला. संमतिपत्रात किसनरावांनी स्वतःला संगीतकार म्हटलं होतं, आणि माणसाला एकदा असं काही लिहून दिलं की त्याचा विश्वास बसू लागतो. त्या चार पडीत घरांकडे पाहून त्यांना रात्रंदिवस चैन पडेना. गुरुजी काही म्हणोत; पडीत जमीन पाहत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तिथे काहीतरी हलकं हवं. खुळखुळण्यासारखं. ॲपमध्ये बाहेरचा आवाज भरून घ्यायची एक ओळ होती, लाल ठिपक्याची; ती त्यांना जपानीतून परत येताना सापडली होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नलूताई शेवटच्या तालमीला शीलाबाईंकडे गेल्या आणि किसनराव स्वयंपाकघरात शिरले. तुरीचा डबा हलवून पाहिला, फार बोजड. मुरमुरे, अगदीच गरीब. साबुदाणा बरा होता, पण झाकण उडालं आणि पुढची वीस मिनिटं तो वेचण्यात गेली. नाणी हलवली, तर तो आवाज ऐकून दारावर आलेला माणूस हात पुढे करून उभा राहिला. अखेर पंख्याचा रिमोट शोधायला कपाटावर हात घातला, आणि बोटांना ती डबी लागली.

या डबीविषयी सांगितलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी यवतमाळला किसनरावांच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. पिशवीतून तेवीस खडे निघाले. डॉक्टरांनी ते धुऊन एका बाटलीत दिले. किसनरावांनी त्यांना घासूनपुसून स्टीलच्या डबीत ठेवलं. तेवीस ही संख्या लहान नाही. कॉलनीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या गृहस्थांकडे नऊ होते. येईल त्या पाहुण्याला किसनराव ते दाखवत, सगळ्यात मोठा हातावर देत. पुढे एकदा पुतणीला बघायला पाहुणे आले असताना, पोह्यांच्या बशा हातात असताना, त्यांनी डबी उघडली. त्या दिवसापासून नलूताईंनी हुकूम काढला: डबी कपाटावर राहील, आणि माणसांपुढे येणार नाही. किसनरावांनी तो पाळला. अपमान मात्र गिळला नव्हता.

त्यांनी डबी कानाशी हलवली. खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ. हलकं, कोरडं, गोड. जगातल्या कुठल्याही डब्यातून न येणारा आवाज, कारण त्यातला माल जगात दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. तीन वर्षांनी त्यांना कळलं की आपण एवढा त्रास कशासाठी सहन केला. लाल ठिपका दाबला, डबी चार वेळा हलवली, आणि तेरा ते सोळा ही घरं लागवडीखाली आली. नलूताईंना उद्या एकदम ऐकवू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. चारशे बाया तरी असतील, तालुक्याभरातून आलेल्या, प्रत्येकीचा कान महिनाभर डबे ऐकून धार लावलेला. सातवा क्रमांक पुकारला गेला. आठ जणी हिरव्या लुगड्यांत उभ्या राहिल्या. नलूताईंनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला आणि ध्वनिक्षेपकाच्या टेबलामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहून मान हलवली. किसनरावांनी बटण दाबलं. बरोबरचं बटण होतं ते. त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला नाही.

बारा ठोके टिपऱ्या कशा एका तालात वाजल्या. मग टिपऱ्या वर गेल्या, गाणं थांबलं, आणि त्या शांततेत दोन भल्यामोठ्या स्पीकरांतून आलं: खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ.

आता विचार करा. महिनाभर ज्या बाईच्या कानावर गाणं थांबलं की डबा येतो, तिनं काय करावं?

"मुरमुरे!" मागून एक आवाज आला.

फेरातल्या सात जणी दचकल्या. आठव्या नलूताई. त्या दचकल्या नाहीत. त्यांचं पाऊल जागच्या जागी थांबलं. तीन वर्षं दर शनिवारी कपाट पुसताना ती डबी त्यांनी स्वतः उचलून ठेवलेली. तो आवाज त्यांना झोपेतही कळला असता. त्यांनी हळूच टेबलाकडे पाहिलं. किसनराव हसत होते. एकोणचाळीस वर्षांत पाहिलेल्या नलूताईंच्या नजरांमध्ये ही नवीनच होती; तेव्हा ते हसायचे थांबले.

बारा ठोके. खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ.

"फुटाने!" "नाही वं, खारका!" "शेंगदाने!" आता सगळ्या खुर्च्यांतून. गाण्याचा धागा सुटायला आला होता. शीलाबाई भलतीच ओळ म्हणत होत्या, दोघी उलट फिरल्या होत्या, आणि किसनराव बंद करायचं बटण शोधत होते, जे त्यांना कधीच सापडलेलं नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच: दिवाळीनंतरचं ऑपरेशन, खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून आयुष्यभर आपल्याकडे न बोलता पाहणाऱ्या नलूताई.

तिसरा फेरा संपला. टिपऱ्या वर. खुळ्ळ, खुळ्ळ...

"साखरफुटाने!" सभागृह ओरडलं.

"नाही वं बाई!" नलूताईंनी खडा आवाज दिला, उंच टिपरीसकट मान हलवून, आणि बरोबर पहिल्या ठोक्यावर पाऊल टाकलं.

पुढच्या फेऱ्याला तिघींनी दिला, त्याच्या पुढच्याला आठही जणींनी. बारा ठोके गाणं, मग डबी वाजायची, चारशे बाया एकदम ओळखायच्या, आणि आठ जणी मान हलवून म्हणायच्या, "नाही वं बाई!" की टिपरी खाली. "साबुदाना!" "नाही वं बाई!" "चारोळ्या!" "नाही वं बाई!" परीक्षकांच्या टेबलावरून विमलताईही "खडीसाखर!" म्हणाल्या, आणि मग चष्मा नीट करून इकडेतिकडे पाहू लागल्या. दाराशी रूपसिंग टाळ्या वाजवत ओरडले, "लागला, भाऊ, टॉप गेअर लागला!" धम्मरत्न गुरुजी शांतपणे मांडीवर सोळा मोजत होते आणि प्रत्येक वेळी ते बरोबर येत होतं. किसनरावांना यातलं काहीच समजत नव्हतं. आपण गुन्हा केला की पराक्रम, हेही नाही.

यंत्र थांबवता येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी शेवटी स्पीकरची वायर काढली. टाळ्या चालूच राहिल्या. त्या ओसरल्यावर विमलताईंनी माइक घेतला.

"नियम एकवीस," त्या म्हणाल्या. "खिरापत ओळखता आली नाही, तर मंडळानं डबा उघडून दाखवावा आणि उपस्थितांना प्रसाद म्हणून वाटावा. नलूताई, या."

चारशे माना उंचावल्या. डबी किसनरावांच्या शर्टाच्या खिशात होती. घाईत घरी ठेवायची राहिली होती. त्यांनी खिशावर हात ठेवला, जणू तिथे दुखत होतं. एका परीनं दुखलंही होतंच, तीन वर्षांपूर्वी.

नलूताई गुडघा सांभाळत माइकपाशी आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खिशाकडे पाहिलं, मग विमलताईंकडे.

"ताई, खिरापत घरचीच हाये," त्या म्हणाल्या. "पन वाटाची नाही."

"म्हणजे? काय आहे ते तरी सांगा."

"ते नाही सांगत. तेवीस नग हायेत. ह्याईनं लय हाल सोसून जमा केले. माह्याच घरी राह्यतीन."

नियमावली नऊ पानांची असूनही तीत यावर काही नव्हतं. समितीनं दहा मिनिटं विचार केला आणि निकाल लावला: न ओळखलेली खिरापत, सात वर्षांत पहिल्यांदा, पहिला क्रमांक.

घरी येताना रिक्षात नलूताई बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. किसनरावांनी तीनदा घसा साफ केला. चौथ्यांदा करणार, तेवढ्यात नलूताईंनी हात पुढे केला. किसनरावांनी खिशातली डबी दिली. आता ती खिडकीतून नाल्यात जाणार, असं समजून त्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा नलूताई डबी कानाशी धरून हळूच हलवत होत्या.

"चांगली वाजते," त्या म्हणाल्या. "पन पुन्हा त्या यंत्राले हात लावला त पाहा."

डबी आता पुढच्या खोलीत शोकेसमध्ये आहे, ढालीच्या शेजारी. पाहुण्यांना ती दाखवायची परवानगी किसनरावांना परत मिळाली आहे. अट एकच: फक्त हलवायची, उघडायची नाही. आतापर्यंत अकरा जणांनी ओळखायचा प्रयत्न केला. बहुतेक जण खडीसाखर सांगतात. परवा आलेल्या व्याह्यांनी तर थोडी मागितली.